कुंकवाखालचा नट

—नाय हो मुस्तकीमभाऊ, त्या सीटखाली कशाला वाकताय, तिथं काय नाय, धूळ हाय नुसती आन् आमच्या ह्यांची एक जुनी चप्पल हाय, तिचा जोड कुठं गेला ते ह्यांनाच ठाऊक — तुम्ही आधी वरचा पंखा बघा ना, बटण दाबलं की एक गिरकी घेतो आन् थांबतो, पाहुण्यांसमोर लाजल्यासारखा — बघितला? आन् ते दिवे? तेबी बघितले? मग करा बाबा तुमच्या मनानं, मला काय कळतंय त्यातलं, मी आपली चहा घेऊन आले. हे घरात नायत, पिण्याच्या पाण्याचा मोठा जार आणायला गेलेत, तो जार गाडीत कुठं ठेवायचा ह्यावर सकाळपासून आमचं वाजलंय. उद्या पहाटे निघायचं म्हणतात. उद्या! ही गाडी फाटकाबाहेर निघाली तर मी सातपूरभर पेढे वाटीन. हसताय काय, खरं सांगते, दसऱ्यापासून आज निघू, उद्या निघू असं चाललंय, आन् निघायच्या आदल्या दिवशी चावी फिरवून सेल मारला की गाडी म्हणते टक्. नुसतं टक्. आमच्या जाऊबाई माझी भाकरी बघून जीभ वाजवायच्या ना, तस्सं.

बसा की नीट, ते टेबल ओढून घ्या, त्याच्यावर कप ठेवा — नाय नाय, डाव्या बाजूला ठेवा, उजव्या बाजूला जोर दिला की ते मिटतं. फोल्डिंगचं हाय. ह्यांनी स्वतः केलंय. ह्या गाडीत जे जे मिटायला पायजे ते उघडं राहतं आन् जे उघडं राहायला पायजे ते मिटतं, हे मी नाय म्हणत, आमचा संतोष म्हणतो, पुण्याहून आला की पयल्यांदा गाडीत डोकावतो, म्हणतो, काय आई, बंगला कुठपर्यंत आला? अहो शाळेच्या पोरांची गाडी ही, ते बघा, खिडकीच्या कडेला पिवळा रंग अजून दिसतो, हे रिटायर झाले आन् घरी आले, मी म्हणलं आता निवांत बसतील, पेपर वाचतील, तर एक दिवस ही दारात उभी. मी विचारलं, हे काय हो? म्हणले, घर. मी म्हणलं, आन् हे मागं विटांचं हाय ते काय हाय? म्हणले, ते राहायचं घर, हे फिरायचं घर. जन्मभर कंपनीत फिटर होते ना — सगळे केरू फिटर केरू फिटर म्हणायचे, मशीन कुठलीबी असू द्या, कानानं ओळखायचे काय बिघडलंय ते — मग अशा माणसाला रिकामं बसवलं तर तो घरातल्या नळाचे वायसर बदलत सुटतो. माझ्या मिक्सरचं त्यांनी काय केलं ते विचारू नका. त्यापेक्षा म्हणलं बरंय, गाडी तर गाडी.

पण वायरिंग! मुस्तकीमभाऊ, माणूस लोखंडाचा, विजेचा नाय, एवढं तुमच्या ध्यानात आलंच असंल. ते बघा, तो दिवा लावायचा असंल तर हे बटण, आन् हे बटण दाबलं की मोरीतला पंप सुरू होतो, मग पंप बंद करायचा तर ते तिकडचं, दाराजवळचं. का? तर म्हणे वायर तिथपर्यंतच पुरली. पुढं इंजिनाची बॅटरी एक, मागं ह्या घराची बॅटरी दुसरी, आन् दोघींच्या काळ्या वायरी आणून एकाच बोल्टला आवळल्या — मी तेव्हाच विचारलं होतं, दोन घरांचा एकच खांब कशाला हो, एक पडलं की दुसरं पडणार — तर म्हणले, तू टॉर्च धर. मी तेच करत आले ना! हे खाली पाठीवर झोपलेले, पाय बाहेर, आन् मी वाकून टॉर्च धरलेली. इकडं धर. इकडं म्हणजे इकडं नाय, तिकडं. माझ्या डोळ्यात नको मारू. हात हलवू नको. अगं हल जरा! संसार कसा केलास असं मला कुणी विचारलं ना, तर मी सांगीन, टॉर्च धरून केला. पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. कंपनीत होते तेव्हा फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, घरी आले की जेवण आन् झोप, बोलायचं कधी? ह्या गाडीखाली पडल्या पडल्या जेवढं बोललेत तेवढं उभ्या जन्मात बोलले नव्हते. सायखेड्याला आमच्या लग्नात मांडवातली लाईट गेली होती, तर नवरदेव उठून खांबाजवळ गेला होता म्हणे बघायला — हे मला आत्ता, गाडीखालनं कळलं. मी आत बसले होते ना तेव्हा, मला वाटलं नवरा पळाला.

घ्या की चहा, गार होतोय. आलं जास्त झालं का? हे म्हणतात तू चहा नाय करत, काढा करते. आन् मला एक सांगा, तुमच्या दुकानात फ्यूजचा काय कारखाना हाय का? नाय म्हणजे, हे द्वारकेच्या चौकात तुमच्याकडंच येतात ना? हां, तेच विचारते. आठ-पंधरा दिवस झाले की चालले — फ्यूज आणतो. सकाळी जातात, दुपार करून येतात, आन् आणतात काय तर एक फ्यूज. एकच! हाताच्या नखाएवढा. मी म्हणलं अहो एकदाच मूठभर आणून ठेवा, बसभाडं तरी वाचंल, तर म्हणले, बघून घ्यावा लागतो. आता फ्यूज काय वांगं हाय, देठ बघून घ्यायला? डबा भरलाय नुसता, त्या फळीवर बघा, बिस्किटाच्या डब्यात. आन् जळतच नाय तो फ्यूज, मी बघते ना, उजेडाकडं धरून, सगळे चांगलेच्या चांगले. मला तर एकदा वाटलं, ह्या वयात द्वारकेला कुणी गाठली की काय ह्यांनी! — अहो मस्करी करते. तुम्ही एकदम खाली काय बघायला लागले? मस्करी हाय. ह्यांना कोण गाठतंय. तुमच्या दुकानात स्टुलावर बसून गप्पा हाणत असतील, दुसरं काय.

कुठं जायचं म्हणता? तुम्हाला नाय सांगितलं? डहाणूला. समुद्र बघायला. मी नाय बघितला हो समुद्र. हसू नका, गोदावरीच्या काठी जन्म गेला आमचा, पाणी म्हणजे आम्हाला काय नवल नाय, पण समुद्र नाय बघितला. कधी तरी बोलून गेले असंन मी, तर ह्यांनी ते धरून ठेवलं. त्र्यंबकवरनं जायचं, पुढं तोरंगणचा घाट उतरायचा, मोखाडा, जव्हार, मग डहाणू. वाळूत गाडी लावायची, मागचं दार उघडायचं, आन् मी इथं ह्या पलंगावर पाय सोडून बसायचं, समोर समुद्र. हे सगळं ह्यांचं ठरलेलं. मीबी आता लावून धरलंय, रोज सकाळी विचारते, कधी निघायचं हो? सुलाबाईला — शेजारच्या हो, त्या सारख्या खिडकीत असतात त्या — त्यांना तर मी शंखशिंपले आणायचं कबूल करून बसलेय. का म्हणजे? विचारलं नाय तर ह्यांना वाटायचं, हिला हौसच नाय. एवढा माणूस राबला माझ्यासाठी. मग मी विचारते. त्यांचं तोंड कसंतरी होतं, म्हणतात, निघू गं, तेवढं कनेक्शन बसू दे.

अगं बाई, वाकलातच का शेवटी. बघा बघा, बघून घ्या. चप्पल सापडली ना? आन्—

पुसू नका. — नाय, तुम्ही हात मागं घेतलात ते बघितलं मी, तुम्हाला नाय म्हणत, सवयीनं निघालं तोंडातनं. कुंकू हाय ते. खंडेनवमीला लावलंय, मशीनची पूजा असती ना तेव्हाचं. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, सातपूरला लहानाचे मोठे झालात तुम्ही, कंपनीकंपनीत असती. ह्यांच्या कंपनीत कादरभाई म्हणून वेल्डर होते, सगळ्यात मोठा झेंडूचा हार त्यांच्या मशीनला, स्वतः निवडून आणायचे, कुणाला घालू द्यायचे नायत. तर आमच्या ह्यांचं एक हाय, पूजा झालेल्या जागेला पुढच्या दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाय. कुंकू आपलं आपण उडून जाईल तेव्हा जाईल. कंपनीत एका लेथवर म्हणे कुंकवाखालीच स्क्रू ढिला होता, सायेब बोंबलत होता, ह्यांनी वर्षभर बाकी सगळं पिळलं, पण तो स्क्रू नाय पिळला. असा माणूस! मग ह्या काळ्या वायरीच्या बोल्टावर मी जरा जास्तच कुंकू लावलं. ओलं करून. हळद पण. थापलंच म्हणा ना. हो, म्हणजे ह्या नटाला त्यांनी हात लावायला नको, आन् मग ढिला असला तरी—

काय? मी ढिला कुठं म्हणलं? मी आपलं असंच म्हणलं, असला तर. असंल म्हणून. मला काय माहीत नट ढिला हाय का घट्ट हाय, मी काय मेकॅनिक हाय का — तुम्ही असं बघू नका हो माझ्याकडं. तुम्ही बोट लावून बघितलं? फिरतोय? फिरतच असंल. परवा मी—

आता बोललेच तर ऐका. पण इथल्या इथं. सुलाबाईची खिडकी उघडी हाय का बघा जरा. नाय ना? बरं. तो नट मी सोडते. मी. दर खेपेला निघायचं ठरलं की दोन-तीन दिवस आधी, हे कुठं बाहेर गेले की येते, पाना घेते — दहा नंबरचा नाय, तेरा नंबरचा, बघा, मला पान्याचे नंबर पाठ झालेत, टॉर्च धरून धरून — आन् सोडते. पूर्ण नाय काढत. वायरीचं ते तांब्याचं टोक बोल्टाला नुसतं टेकून राहील एवढाच सोडते, म्हणजे पंखा एक गिरकी घेतो, दिवा डोळा मारतो, आन् सेल मारला की टक्. वर परत कुंकू. झालं काम. हसा आता. हसा पोटभर, सांगा द्वारकेला जाऊन, केरू फिटरची बायको आपल्याच गाडीचे नट सोडती. पण तुम्ही हसतबी नाय. तुम्ही आल्यापासून बघते, पान्याला हात नाय लावला तुम्ही. नुसतं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, बटणं दाबली. चांगले कारागीर ना तुम्ही? मग काय बघताय?

का सोडते म्हणजे. समुद्राची भीती? मला? पुरात म्हशी काढल्यात मी. — तसं नाय हो. कसं सांगू. मागच्या उन्हाळ्यात, हा बोल्ट ह्यांनी पयल्यांदा आवळला तेव्हा मीच टॉर्च धरली होती. दात खाऊन आवळला, उठले, घाम पुसला, म्हणले, आता हत्ती लावला तरी हलायचा नाय. आन् आत पाणी प्यायला गेले. मी आपली टॉर्च बंद करता करता सहज बोट लावलं. फिरला. मुस्तकीमभाऊ, तो नट माझ्या ह्या दोन बोटांनी फिरला. गोळ्यांच्या बाटलीचं झाकण फिरावं तसा. ज्या माणसानं जन्मभर नटच आवळले, त्याचा नट.   मी तिथला पाना उचलला आन् आवळून टाकला, मला जमंल तेवढा. आन् मग मी बघायला लागले. शर्टाचं वरचं बटण लावायला ह्यांना वेळ लागतो. बशीतनं चहा प्यायचे ना, कधीपासनं कपानं पितात, आन् कप दोन्ही हातांनी धरतात, म्हणतात थंडी हाय. मे महिन्यात थंडी! उजव्या हाताची दोन बोटं, करंगळी आन् तिच्याशेजारचं, मधीच थरथरतात, मग तो हात खिशात. मी बघितलं असं वाटलं की लगेच काहीतरी विनोद करतात. आन् मी हसते. आम्ही दोघं लय हसतो हो हल्ली.

मग मी काय करायची, हे झोपले दुपारचे की गाडीत यायची आन् त्यांनी आवळलेलं सगळं परत आवळायची. हो, सगळं. बॅटरीच्या डोक्यावरचे दोन्ही नट, फ्यूजच्या पेटीतले स्क्रू, त्या पंपाच्या वायरी. स्क्रूड्रायव्हर पदरात लपवून आणायची. वायर हलक्या हातानं ओढून बघायची, निघून आली की परत आत घालायची, टेप गुंडाळायची, त्यांच्यासारखीच, तिरकी. हिरवं बुरशीसारखं धरतं ना तांब्यावर, ते काचपेपरनं घासायची. त्यांना कळू नये म्हणून सगळं होतं तसं. अन् गाडी चालायला लागली हो! दिवे लागले, पंखा फिरला, पंपाला पाणी आलं, सेल मारला की पयल्याच झटक्यात चालू. हे असे खूश झाले, कॉलनीतल्या सगळ्यांना बोलवून आणून पंखा दाखवला. म्हणले, बघा, माझा हात अजून हाय. मी त्या दिवशी मोरीत जाऊन रडले, सांगते तुम्हाला. आनंदानं का कशानं ते मला नाय कळलं. आन् तेव्हाच म्हणले, चला, दसरा झाला की डहाणू.

आता सांगा. घाट हाय तो तोरंगणचा. वळणं बघितलीत तुम्ही? एवढी मोठी गाडी, वळणावर स्टिअरिंग धरायचं, गिअर टाकायचा, समोरनं ट्रक. आन् ती दोन बोटं. मला मरायची भीती नाय वाटत, पण त्यांना त्या वळणावर कळायला नको हो. माझ्या शेजारी बसून, माझ्यासमोर कळायला नको. मला त्याची लय भीती वाटते. संतोषला सांगावं तर तो लगेच येईल आन् गाडी विकून टाकील, पोरं तशीच असतात, एक घाव आन् दोन तुकडे. त्यांना सांगावं तर काय सांगू? तुमच्या हातातला जोर गेला? मी सांगू? — म्हणून सोडते नट. गाडी दारात उभी हाय, त्यांना वाटतं कनेक्शनची गडबड हाय, वायरीचा दोष हाय. वायरीचा दोष काय, कुणाच्याबी गाडीत असू शकतो. त्यात माणसाची अब्रू जात नाय.

पण एक सांगू, मजेची गोष्ट, परवा सोडायला आले ना, तर सुटंचना! मला वाटलं गंज धरला. दोन्ही हातांनी पाना धरला, पाय ह्या खांबाला लावला, तेव्हा कुठं कर्र करून हलला. असा आवळला होता! ह्यांनी केव्हा हात लावला होता काय माहीत, कुंकू पण तसंच होतं — का परत लावून ठेवलं होतं, देव जाणे. म्हणजे एखाद्या दिवशी हाय बरं का जोर अजून. एखाद्या दिवशी असतो, एखाद्या दिवशी नसतो. माझं मनगट दुखतंय अजून त्यानं.

तर आता माझं ऐका मुस्तकीमभाऊ. लहान भावासारखे तुम्ही. हे येतील एवढ्यात. त्यांना सांगा, हे काही इथं होण्यासारखं नाय. एक पार्ट लागतो आन् तो मिळत नाय. कुठला ते तुम्ही ठरवा, त्यांना न कळणारा सांगा, इंग्रजी नाव घ्या. मागवावा लागंल म्हणा, मुंबईहून, दिल्लीहून, कुठूनबी. थंडी निघून जाईल, पुढं ऊन लागंल, उन्हात कोण समुद्राला जातं? — जमंल ना? एवढं खोटं बोला माझ्यासाठी. तुमच्या धंद्याला बट्टा नाय लागायचा, मी सगळ्यांना सांगीन कारागीर एक नंबर, पार्टच मिळत नाय त्याला तो काय करणार.

काय झालं? हसताय का रडताय, नीट बोला. चहा लागला का घशात? — काय म्हणले?

कोण म्हणलं? हे?

हे म्हणले तुम्हाला? फोनवर? पार्ट मिळत नाय म्हणून सांग? — थांबा. परत सांगा. ह्यांनीच तुम्हाला बोलावलं, आन् ह्यांनीच सांगितलं की गाडी चालू करू नको? म्हणजे तुम्ही आल्यापासनं — म्हणून तुम्ही पान्याला हात नाय लावला. अरे देवा. आन् मी आपली तुम्हाला आल्याचा चहा पाजून फितवतेय. का पण? का? उद्या निघायचं म्हणून जार आणायला गेलेत ना ते?

माझ्यासाठी. तिला समुद्र बघायचाय, रोज विचारते, तिला नाय कसं म्हणू, असं म्हणले? ... हां. विचारते मी. मी विचारते म्हणून—

आन् द्वारकेला? डॉक्टरकडं? किती दिवसांपासनं? नाय, राहू द्या, ते नका सांगू. एकटेच जातात? तुमच्या दुकानावरच्या त्या माडीवर डॉक्टर हाय तोच का, नसांचा? आन् तिथनं उतरले की तुमच्या स्टुलावर बसतात. आन् घरी दाखवायला एक फ्यूज घेतात. — बघून घ्यावा लागतो म्हणले मला. आन् मी म्हणलं वांगं हाय का. मी हसले हो त्यांना. डॉक्टर काय म्हणला? गाडी चालवू नका, असं स्पष्ट म्हणला? म्हणजे त्यांना सगळं माहीत हाय. बोटांचं मी लपवते ते त्यांना माहीत हाय आन् ते लपवतात ते— आम्ही दोघंबी वेडे. एक ड्रायव्हर बघितला असता तर झालं असतं ना हो? तुम्हीच सांगा. एक ड्रायव्हर. सांगितलं असतं एकमेकांना तर पयल्या दिवशीच सुचलं असतं ते.

आन् हा नट? नटाचं काय म्हणले? मी सोडते ते कळलंय त्यांना?

नाय?

मग ढिला का होतो, असं वाटतं त्यांना?

...

परत सांगा. हळू सांगितलं तरी चालंल. — दर खेपेला जीव लावून आवळतो, म्हणले. कुंकू बाजूला सारून, देवाची माफी मागून आवळतो. आन् दोन दिवसांनी बघतो तर ढिला. म्हणजे आता एक नटबी माझ्याच्यानं आवळला जात नाय. असं म्हणले? तुमच्यासमोर, त्या स्टुलावर बसून? रडले का हो? ... नका सांगू. नका सांगू.

परवाचा घट्ट होता हो. तुम्हाला सांगितलं ना मी आत्ता, पाय लावून सोडला मी तो. लय घट्ट होता.

फाटक वाजलं. आले ते. — उठा, तो पाना घ्या आन् आवळा तो नट, आत्ताच्या आत्ता, पुसा ते कुंकू, माझ्या पदरानं पुसा, हां, आवळा, आणखी, आणखी एक — झालं? लावा बटण. फिरू द्या पंखा. आता तुम्ही जा मुस्तकीमभाऊ. मागच्या दारानं जा, त्यांच्याशी बोलत बसू नका, नाय तर मी काय बोलायचं ते विसरून जाईन. कप राहू द्या तिथंच. जा ना हो, मला त्यांना सांगायचंय, परवाचा नट घट्ट होता म्हणून.